अस्वल, मधपेटी आणि कुंपणाचा खर्च

जयपूर शहराच्या दक्षिणेला वसलेले सांगानेर ठशांच्या कापडछपाईमुळे आणि विमानतळामुळे देशभर परिचित आहे. त्याच्या पलीकडे पसरलेल्या शेतांत रब्बी हंगामात मोहरी फुलते. मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात अग्रेसर असून, मोहरीचा बहर हा उत्तर भारतातील मधपाळांच्या वर्षातला मोठा हंगाम होय. मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ट्रकने आणून शेताच्या बांधावर उघड्यावर रांगेने मांडल्या जातात आणि बहर सरला की त्या दुसऱ्या पिकाकडे, कधी थेट बिहारमधील लिचीच्या बागांपर्यंत हलविल्या जातात. धुके, कीटकनाशकांची फवारणी, पेट्यांची चोरी आणि मधाचा घसरता भाव या सपाट प्रदेशातील मधपाळाच्या चिंता होत. अस्वलाची चिंता त्याला करावी लागत नाही.

हीच पेटी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या गावात किंवा गडचिरोलीतील एखाद्या टोल्यावर ठेवली की हिशेब बदलतो. त्यासाठी महाराष्ट्रापर्यंत यावे लागते असेही नाही. सांगानेरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या रणथंबोरच्या जंगलात आणि सिरोही जिल्ह्यातील अबूच्या डोंगरावर अस्वलांचा वावर आहे. पेटी एकच, तिच्यावरील अनुदानाचे सूत्र एकच, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही बहुधा एकच. परंतु एका ठिकाणी एका रात्रीत सर्व भांडवल नष्ट होण्याची शक्यता जवळपास शून्य, तर दुसऱ्या ठिकाणी ती मधपाळाच्या डोक्यावर कायमची टांगलेली असते. ही जोखीम कोणी सोसायची, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आणि पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने तपशिलात जाऊन पाहण्याजोगा आहे.

मध हेच ज्याचे नाव

भारतीय अस्वलाचे शास्त्रीय नाव मेलर्सस अर्सिनस असे आहे. लॅटिन भाषेत ‘मेल’ म्हणजे मध आणि ‘अर्सस’ म्हणजे अस्वल. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने लांब वाकड्या नखांमुळे फसून या प्राण्याची गणना दक्षिण अमेरिकेतील स्लॉथमध्ये केली होती. चूक लवकरच दुरुस्त झाली, तरी इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ हा शब्द आजही टिकून आहे.

हा प्राणी मुख्यतः वाळवी, मुंग्या आणि फळांवर जगतो. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून, लांब ओठांची नळी करून, तो वारुळातील वाळवी ओढून घेतो. त्या वेळी धूळ नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेण्याची सोयही त्याच्याकडे आहे. या ओढण्याचा आवाज रानात बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. मोहफुले, टेंभुर्णी, बोरे, जांभळे, बहाव्याच्या शेंगांतील गर हा त्याचा हंगामी आहार. मधाचे पोळे त्याला दुहेरी लाभाचे असते. मधातून साखर मिळते, तर पोळ्यातील अळ्या आणि कोशांतून प्रथिने मिळतात. पोळ्यात मध नसेल तर अस्वल येणार नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते. मध काढून घेतलेल्या पेटीतही शिशुकोठी भरलेली असते आणि अस्वलाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची असू शकते.

उंच झाडावरील आग्या माशीचे मोहोळ मिळवण्यासाठी अस्वल झाडावर चढते आणि हजारो डंख सोसते. त्याची दाट, राठ लव हे त्याचे चिलखत होय. जमिनीपासून हात-दीड हात उंचीच्या लाकडी घोडीवर ठेवलेली सातेरी माशीची पेटी त्याच्यापुढे काहीच नाही. शिवाय ते अनुभवातून शिकते. एकदा पेटीत काय असते ते कळले की पुन्हा पुन्हा येते. संरक्षणाचा उपाय पहिल्या हल्ल्यानंतर नव्हे, तर पेट्या मांडतानाच करावा लागतो, याचे कारण हेच.

मधपाळाचे नुकसान मधापुरते मर्यादित नसते. सातेरी माशी ही त्रास होताच घर सोडून जाणारी जात आहे. अस्वलाने वीस पेट्यांपैकी आठ फोडल्या, तर उरलेल्यांतील काही वसाहती पेटी शाबूत असतानाही उडून जाण्याचा संभव असतो. फुटलेल्या पेटीत राणीमाशी चिरडली गेली तर वाचलेल्या कामकरी माश्यांचा उपयोग होत नाही. लाकूड दुरुस्त करता येते, पण बांधून तयार झालेले मेणाचे पोळे पुन्हा उभे करण्यासाठी माश्यांना फार मोठ्या प्रमाणावर मध खर्ची घालावा लागतो. थोडक्यात, हंगामाच्या तोंडावर झालेला एक हल्ला त्या संपूर्ण वर्षाचे उत्पन्न बुडवतो. भूमिहीन किंवा एक-दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबासाठी, कर्ज काढून घेतलेल्या पाच पेट्या हीच बहुतांश मालमत्ता असू शकते.

मीड यांची बाग आणि चेउंग यांचा आक्षेप

मधमाशी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फार पूर्वीच शिरली आहे. १९५२ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी बाह्यतेची संकल्पना स्पष्ट करताना सफरचंदाची बाग आणि शेजारचा मधपाळ हे उदाहरण घेतले. बागायतदाराच्या फुलांमुळे मधपाळाला मकरंद मिळतो, त्याची किंमत मधपाळ देत नाही. अशा, बाजारभावात न दिसणाऱ्या लाभाला धन बाह्यता म्हणतात आणि जेथे ती असते तेथे समाजाला हवे तेवढे उत्पादन खाजगी निर्णयातून होत नाही. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७३ मध्ये स्टीव्हन चेउंग यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात प्रत्यक्ष पाहणी केली. तेथे बागायतदार आणि मधपाळ यांच्यात रीतसर करार होते. परागीभवनासाठी पेट्यांचे भाडे दिले जात होते. जेथे लाभ ओळखता येतो, दोन्ही पक्ष ठाऊक असतात आणि कराराचा खर्च कमी असतो, तेथे बाजार स्वतःच मार्ग काढतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महाराष्ट्रातही डाळिंब आणि कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये पेट्या भाड्याने ठेवण्याची पद्धत रुळू लागली आहे. तेव्हा चेउंग यांचा मुद्दा केवळ परदेशापुरता नाही.

मात्र या चित्रात अस्वल आले की चेउंग यांचा तोडगा थांबतो. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये मांडलेल्या विचारानुसार, हक्क स्पष्ट असतील आणि व्यवहार खर्च नगण्य असेल तर नुकसान करणारा आणि सोसणारा परस्परांत तडजोड करू शकतात. गुरे पिकात शिरली तर गुराख्याशी बोलता येते. अस्वलाचा गुराखी कोण? राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ४८-अ समाविष्ट करून वने व वन्यजीवांच्या रक्षणाची दिशा राज्यसंस्थेला घालून दिली, अनुच्छेद ५१-अ (ग) द्वारे हेच नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आणि वने व वन्य प्राण्यांचे संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत आणले. १९९७ च्या कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक संपत्तीबाबत राज्यसंस्था ही जनतेची विश्वस्त असल्याचे तत्त्व मान्य केले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये अस्वलाचा समावेश असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते स्थान कायम आहे. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

म्हणजे परिस्थिती अशी : अस्वल राहिल्याचा लाभ सर्वांना होतो. त्याच्या विष्ठेतून बहाव्यासारख्या वृक्षांचे बी रानभर पसरते. वाळवीच्या संख्येवर त्याचा वचक असतो. हा लाभ कोणालाही नाकारता येत नाही आणि एकाने घेतल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. सार्वजनिक वस्तूची व्याख्या हीच. परंतु त्याने केलेल्या हानीचा भार मात्र जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांवर पडतो. प्राण्याला हात लावण्याची मुभा कायदा देत नाही आणि देऊही नये. मग त्या बंधनाची किंमत सांगानेरच्या किंवा पुण्या-मुंबईच्या नागरिकाने काही अंशी उचलावी, हे दान नव्हे, तर घेतलेल्या लाभाचे मूल्य ठरते.

भरपाई की प्रतिबंध

आपल्याकडे वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीसाठी अर्थसाहाय्याची जी चौकट उभी राहिली, ती मुख्यतः माणूस, पशुधन आणि पीक या तीन शीर्षांभोवती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या विषयावर स्वतंत्र अधिनियम केला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे होणारे पीकनुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या कक्षेत अतिरिक्त संरक्षण म्हणून आणण्याचा निर्णय जाहीर केला. ही पावले स्वागतार्हच आहेत. पण मधपेटी या रचनेत नीट बसत नाही. ती पीक नाही. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. मधमाशी हे पशुधन म्हणावे, तर तिला कानात बिल्ला मारता येत नाही.

पंचनाम्याची अडचण याहून मोठी. पेट्या घरापासून दूर, रानाच्या कडेला असतात. हल्ला रात्री होतो आणि मधपाळाला तो चार-पाच दिवसांनी कळतो. तोवर मुंग्या आणि मेणकिड्यांनी पुरावा खाऊन टाकलेला असतो. लाकडावरील नखांचे समांतर ओरखडे आणि ओल्या मातीतील ठसे एवढाच आधार उरतो. पेटीत वसाहत होती की ती रिकामी होती, याचा निर्णय फुटलेल्या फळ्यांवरून कसा करणार? येथे नैतिक जोखीम नावाची समस्याही उद्भवते. पूर्ण भरपाईची हमी असेल तर पेटी सुरक्षित ठेवण्याची प्रेरणा मंदावते. याउलट भरपाई अपुरी आणि उशिरा मिळाली तर मधपाळ दुसऱ्या मार्गाकडे वळतो आणि तो मार्ग अत्यंत घातक आहे.

तो मार्ग म्हणजे कुंपणाच्या तारेत थेट घरगुती किंवा कृषिपंपाच्या वाहिनीवरील वीजप्रवाह सोडणे. अशा तारेला चिकटून रानडुक्कर मरते, अस्वल मरते, वाघ मरतो आणि पहाटे मोहफुले वेचायला निघालेला शेजारीही मरतो. वीज अधिनियम, २००३ नुसार आकडा टाकून वीज घेणे ही चोरी आहे, वन्यजीव कायद्यानुसार प्राण्याचा मृत्यू हा शिकारीचा गुन्हा ठरतो आणि माणूस दगावल्यास फौजदारी जबाबदारी येते. प्रतिबंधाच्या स्वस्त, सुरक्षित साधनाअभावी एक सामान्य शेतकरी गुन्हेगार होतो, ही बाब कोणत्याही भरपाईच्या आकड्यात दिसत नाही.

सौर कुंपण : तारेतील धक्का

सौर कुंपण आणि थेट प्रवाहाची तार यांतील फरक परीक्षार्थींनीच नव्हे, तर प्रत्येक गावकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. सौर पट्टीवर १२ व्होल्टची बॅटरी भारली जाते. तिला जोडलेले ऊर्जायंत्र त्या विजेचे उच्च दाबाच्या, पण क्षणिक स्पंदांत रूपांतर करते. दाब काही हजार व्होल्ट असतो. मात्र स्पंद सेकंदाच्या अत्यंत लहान अंशापुरताच टिकतो आणि साधारण सेकंदाला एक या गतीने येतो. दोन स्पंदांमधल्या काळात तार निर्जीव असते. त्यामुळे प्राण्याला जोराचा झटका बसतो, पण तो तारेला चिकटून राहत नाही. थेट प्रवाहात प्रवाह अखंड असतो; स्नायू आखडतात, सुटका होत नाही. मृत्यू आणि धडा यांतले अंतर एवढेच आहे.

अस्वलासाठी कुंपण उभारताना काही गोष्टी निर्णायक ठरतात. त्याच्या दाट केसांतून धक्का पोहोचत नाही. तो पोहोचतो ओल्या नाकातून आणि ओठांतून. उत्तर अमेरिकेतील मधपाळ याच कारणासाठी तारेवर शेंगदाण्याचे लोणी किंवा तत्सम आमिष लावतात, जेणेकरून अस्वल प्रथम नाक लावील. आपल्याकडील अस्वल उत्तम उकरणारे आहे, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून एका वितीच्या आसपास हवी. पेट्या तारेपासून किमान हातभर आत असाव्यात. कुंपणाला लागून झाड असेल तर कुंपण व्यर्थ, कारण अस्वल वरून उतरेल. गवत वाढून तारेला टेकले तर दाब जमिनीत झिरपतो, तेव्हा पावसाळ्यानंतर गवत कापणे हे कुंपणाच्या देखभालीचे अर्धे काम होय.

विदर्भात आणखी एक अडचण येते. स्पंद प्राण्याच्या शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परतला तरच झटका बसतो. एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी कोरडी होते की हे मंडल पुरे होत नाही. नेमके याच काळात मोहफुलांच्या आणि फळांच्या शोधात अस्वलांचा वावर वाढलेला असतो. उपाय सोपा आहे : भारित तारांमध्ये एकाआड एक भूसंपर्कित तार ओढायची, म्हणजे प्राण्याचा दोन्ही तारांशी स्पर्श होताच मंडल पूर्ण होते. पण हा उपाय ठाऊक नसेल तर कुंपण नुसते शोभेचे राहते, आणि ‘सौर कुंपण चालत नाही’ असा निष्कर्ष गावभर पसरतो.

विजेच्या आधीही माणसाने हा प्रश्न सोडवला होता. स्पेनच्या उत्तरेकडील कांताब्रियन पर्वतराजीत अस्वलांपासून पोळी राखण्यासाठी बांधलेली उंच, वर्तुळाकार दगडी आवारे आजही दिसतात. रशियातील बाश्कीर मधपाळ झाडाच्या ढोलीत माश्या पाळत आणि ढोलीच्या तोंडासमोर जड ओंडका टांगत. अस्वल तो बाजूला ढकले तितक्या जोराने ओंडका परत येऊन त्यालाच लागे. आपल्या हिमाचल आणि उत्तराखंडात घराच्या दगडी भिंतीतच पोळ्यासाठी कोनाडा ठेवण्याची जुनी पद्धत आहे. माशीला ऊब मिळते आणि काळ्या हिमालयीन अस्वलाला भिंत फोडावी लागते. या सर्व पद्धतींत एक समान सूत्र आहे. दगडी आवार असो वा घराची भिंत, संरक्षणाचा खर्च मधोत्पादनाच्या भांडवलाचाच भाग मानला गेला होता. आधुनिक सुटसुटीत पेटीने मध वाढवला, पण हा खर्च हिशेबातून वगळला.

पाच पेट्या आणि वीस पेट्या

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. स्थानिक दर निराळे असतील. समजा, वसाहतीसह एका पेटीची किंमत ४,००० रुपये आहे आणि मधपाळाकडे २० पेट्या आहेत. म्हणजे ८०,००० रुपयांचे भांडवल. पाच वर्षांतून एकदा अस्वलाचा हल्ला होतो आणि त्यात निम्म्या पेट्या नष्ट होतात असे मानले, तर वार्षिक अपेक्षित हानी ४०,००० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ८,००० रुपये. कुंपणामुळे यातील तीन-चतुर्थांश हानी टळते असे धरल्यास वार्षिक लाभ ६,००० रुपये होतो. कुंपणाचा खर्च २४,००० रुपये. त्यांपैकी १४,००० सौर पट्टी, बॅटरी व ऊर्जायंत्राचे आणि १०,००० तार व खांबांचे. आयुष्य सहा वर्षे धरले तर वर्षाला ४,००० आणि देखभालीचे १,००० मिळून ५,००० रुपये. व्याज बाजूला ठेवल्यास कुंपण परवडते.

आता पाच पेट्यांच्या मधपाळाचा विचार करू. त्याची अपेक्षित हानी २,००० रुपये, टळणारी हानी १,५०० रुपये. पण त्याच्या कुंपणाचा खर्च चौथाई होत नाही. क्षेत्र चौथाई झाले तरी परिघ निम्माच होतो, म्हणून तार-खांब ५,००० रुपयांचे. ऊर्जायंत्र मात्र तेवढेच लागते. एकूण १९,००० रुपये, म्हणजे वार्षिक सुमारे ३,१७० आणि देखभाल धरून ४,१७० रुपये. १,५०० रुपये वाचविण्यासाठी तो ४,१७० रुपये खर्च करणार नाही. त्याचा हा निर्णय आळस किंवा अज्ञान नव्हे, तर्कसंगत निर्णय आहे. भांडवली खर्चावर ५० टक्के अनुदान दिले तरी त्याचा वार्षिक खर्च सुमारे २,५८० रुपयेच राहतो. म्हणजे अनुदान जाहीर होऊनही कुंपण उभे राहणार नाही, आणि वर्षअखेर ‘लाभार्थी पुढे आले नाहीत’ अशी नोंद होईल.

चार कुटुंबांनी आपल्या पाच-पाच पेट्या एका आवारात ठेवल्या तर प्रत्येकाचा वाटा अनुदानाविना १,२५० रुपये आणि ५० टक्के अनुदानासह ७५० रुपये येतो. ऊर्जायंत्राच्या अविभाज्यतेमुळे आणि परिघाच्या साध्या भूमितीमुळे येथे सहकार फायद्याचा ठरतो. अर्थात सामूहिक आवारालाही मर्यादा आहेत. सातेरी माशी फार दूरवर चरायला जात नाही. एकाच जागी पेट्यांची गर्दी केली तर मकरंद वाटला जाऊन प्रत्येक पेटीचा मध घटतो. वीस-पंचवीस पेट्यांचे आवार आणि दोन आवारांत पुरेसे अंतर, असा मध्यबिंदू तेथील फुलोऱ्यानुसार शोधावा लागेल.

वरील हिशेबात फक्त मधपाळाची हानी धरली आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या संत्र्याच्या बागा, बुलढाण्यातील कांदा बियाणे, तीळ, सूर्यफूल, कारळा या पिकांना मिळणारे परागीभवन त्यात आलेले नाही. पेट्या फुटल्या की तेही थांबते. म्हणजेच समाजाची हानी मधपाळाच्या हानीहून मोठी असते. मीड यांच्या भाषेत, धन बाह्यता असलेल्या मालमत्तेच्या रक्षणावर खाजगी खर्च नेहमीच कमी पडतो. कुंपणावरील अनुदानाचे समर्थन येथे दुहेरी होते : अस्वल सार्वजनिक आहे आणि माशीचा लाभही अंशतः सार्वजनिक आहे.

योजनांतील रिकामी जागा

मधमाशीपालनाला आज धोरणात्मक पाठबळाची उणीव नाही. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या अखत्यारीत कार्यरत आहे. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी २०२०-२१ ते २०२२-२३ या काळाकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि पुढे त्याची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. दुसऱ्या बाजूला व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरातील गावांसाठी महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना असून, तिच्यात पिकांच्या रक्षणासाठी सौर कुंपणाला साहाय्य मिळते. पेटी देणारा विभाग एक, कुंपण देणारा विभाग दुसरा. पेटीच्या प्रकल्प अहवालात कुंपण नाही आणि कुंपणाच्या अर्जात पेटी नाही. दोन्ही एकत्र आणण्यासाठी नवा निधी नव्हे, नवा रकाना लागतो.

हा प्रश्न गडचिरोलीत लवकरच अधिक गुंतागुंतीचा होऊ शकतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १५ मार्च २०२१ रोजी कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, चेलूर गावी, री-हॅब प्रकल्प सुरू केला. हत्तींना मधमाश्यांचे भय असते, म्हणून त्यांच्या वाटेवर मधपेट्यांचे कुंपण उभारून त्यांना शेतापासून रोखण्याची ही कल्पना आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानाच्या शेतीचे नुकसान सुरू झाले. कोडगूची कल्पना येथे आणण्याचा मोह साहजिक आहे. पण ज्या पेट्यांना हत्ती भितो, त्यांचेच अस्वलाला आकर्षण असते. हत्तीच्या वाटेवर ओळीने टांगलेल्या पेट्या म्हणजे अस्वलासाठी मांडलेली पंगत, आणि अशा लांबलचक ओळीला सौर कुंपण घालणे खर्चिक. उंच, गुळगुळीत खांबांना पत्रा गुंडाळून, नखांना पकड मिळणार नाही अशा रीतीने पेट्या टांगणे हा पर्याय तेथे आधी छोट्या क्षेत्रात तपासावा लागेल.

खर्च न वाढविता करण्यासारखेही पुष्कळ आहे. मध काढल्यावर मेणाचे तुकडे आणि पोळ्यांचे अवशेष आवाराजवळ टाकू नयेत. त्यांचा वास अस्वलाला वाट दाखवतो. पेट्या रानाच्या कडेपेक्षा वस्तीच्या बाजूला ठेवल्यास मकरंद थोडा कमी मिळेल, पण राखण सोपी होईल. पहाटे एकट्याने पेट्या पाहायला जाणे टाळावे, कारण हे अस्वल अचानक समोरासमोर आल्यास पळण्याऐवजी हल्ला करते, आणि मोहाच्या हंगामात माणूस व अस्वल एकाच झाडाखाली पोहोचण्याची वेळ तीच असते. वनहक्क कायदा, २००६ ने मध आणि मेण यांना गौण वनोपज म्हणून मान्यता दिली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळाले. अशा ग्रामसभांना आवाराची जागा ठरविणे, पेट्यांची नोंदवही ठेवणे आणि हल्ल्यानंतर चोवीस तासांत पंचांसमोर छायाचित्रासह नोंद करणे सहज शक्य आहे. पेटीला क्रमांक आणि नोंदवहीत वसाहतीची मासिक स्थिती असेल, तर पंचनाम्यातील निम्मा वाद उद्भवतच नाही.

सामूहिक आवारात वादाचा विषय बहुधा अस्वल नसून बॅटरी असतो. ती कुंपणाच्या अन्य भागांच्या आधी निकामी होते, आणि तोवर अनुदानाचा काळ संपलेला असतो. बदलीच्या बॅटरीसाठी प्रत्येक किलो मधामागे ठरावीक रक्कम पहिल्या हंगामापासून गटाच्या खात्यात जमा करण्याचा ठराव पेट्या वाटण्यापूर्वीच नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, नेमकी मोहाची फुले गळू लागण्याच्या सुमारास, तार निर्जीव पडण्याचा प्रसंग टळतो.